खाल्लेले अंगी का लागत नाही ?



आजचा विषय वरवर पाहता घरगुती वाटेल. एका घरात दोन जावा नांदत असतात. स्वयंपाकघर एक, डब्यातले पीठ एक, फोडणीला पडणारे तेलही एक. पाच-सात वर्षांत एकीच्या पोलक्याची शिवण दोनदा उसवून सैल करावी लागते; दुसरीला मात्र लग्नातले पोलके आजही बेताचे बसते. मग घरातली वडीलधारी माणसे एका वाक्यात निकाल देतात : 'हिच्या अंगी लागते, तिच्या अंगी लागत नाही.'

निकाल झाला, पण उलगडा झाला नाही. म्हणून शेजारणी आपापल्या परीने कारणे पुरवतात. कोणी म्हणते, ती मनाला फार लावून घेते. कोणी म्हणते, पोटात जंत असतील. कोणी दृष्ट काढायला सांगते, तर कोणी हळूच विचारते, 'सासरी पोटभर देतात ना ग?' आणि जी अंगाने भरली तिच्याविषयी कोणी काही विचारतच नाही; ती खादाड, आळशी, जिभेवर ताबा नसलेली, असे गृहीतच धरले जाते.

आपल्या भाषेतच ही पंचाईत दिसते. बारीक अंगाच्या बाईला आपण 'सडपातळ' म्हणतो, 'शेलाटी' म्हणतो, 'चवळीची शेंग' म्हणतो; आणि तीच बाई मनातून उतरली की तिला 'हडकुळी', 'काटकुळी', 'काडी पैलवान' म्हणतो. देह तोच, वजन तेच. शब्द मात्र बोलणाऱ्याच्या लहरीप्रमाणे बदलतो. मुलगी दाखविण्याच्या प्रसंगी हे शब्द केवढा घाव घालतात, हे इथे बसलेल्या अनेक आयांना ठाऊक आहे. तेव्हा हा विषय केवळ घरगुती गप्पांचा नाही. तो न्यायाचाही आहे आणि आरोग्याचाही आहे.

मला जे सांगावयाचे आहे ते प्रथम थोडक्यात सांगतो. बाहेरून बारीकपणा एकसारखा दिसला तरी तो एकसारखा नसतो. त्याचे उगम तीन आहेत. एक वारशाचा, दुसरा सवयीचा आणि तिसरा अपुऱ्या ताटाचा व अतिश्रमाचा. पहिल्याला उपचार नको, दुसऱ्यापासून काही शिकता येते, आणि तिसरा नाहीसा करणे हे समाजाचे कर्तव्य आहे. या तिन्हींची गल्लत झाली की निरोगी मुलीला औषधे पाजली जातात आणि उपाशी बाईची 'कशी सडसडीत आहे' म्हणून वाहवा होते.

आता बारीक कोणाला म्हणायचे, हे ठरविले पाहिजे. वैद्यकात यासाठी एक सोपे गणित वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही रीत सुचविली आणि १९७२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी तिला आज रूढ असलेले नाव दिले. तोच हा बीएमआय. हा आकडा १८.५ च्या खाली असला तर वजन कमी समजतात. आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांनी तो २३ च्या वर गेला की सावध व्हावे, असे आता मानतात. पाच फूट उंचीच्या, म्हणजे सुमारे १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईचा हिशेब केला तर ४३ किलोच्या खाली ती बारीक ठरते आणि ५३ किलोच्या वर तिने लक्ष द्यावे. हा आकडा उपयोगी आहे, पण तो आंधळा आहे. हाड किती, स्नायू किती, चरबी किती, हे त्याला दिसत नाही. या आंधळेपणाकडे आपल्याला पुढे पुन्हा वळावे लागेल.

शरीराचा जमाखर्च

वजनाचा प्रश्न हा मुळात जमाखर्चाचा प्रश्न आहे, असे आपण शाळेत शिकतो. अन्नातून मिळालेली शक्ती ही जमा. श्वासोच्छ्वास, हृदयाचे ठोके, शरीराची ऊब, चालणे-वावरणे हा खर्च. ही शक्ती आपण उष्मांकांत मोजतो. जमा जास्त झाली की शिल्लक चरबीच्या रूपाने साठते. हे खरे आहे. परंतु यावरून 'जी जाड झाली तिला हिशेब ठेवता आला नाही आणि जी बारीक राहिली तिने तो चोख ठेवला' असे म्हणणे मात्र चुकीचे आहे. का, ते पाहा.

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. एक लहान चमचा साखरेत सुमारे २०. एखाद्या बाईने गरजेपेक्षा रोज एक चमचा साखर जास्त खाल्ली तर वर्षाला सुमारे ७,३०० उष्मांक शिल्लक पडतील. म्हणजे कागदावर तरी वर्षाला जवळजवळ एक किलो आणि वीस वर्षांत अठरा-एकोणीस किलो. प्रत्यक्षात इतके होत नाही, कारण वजन वाढले की शरीराचा खर्चही थोडा वाढतो. पण मुद्दा हा की, चहातल्या एका चमच्याइतका सूक्ष्म हिशेब कोणतीही गृहिणी आपल्या बुद्धीने ठेवू शकत नाही. सणवार, पाहुणे, आजारपण, बाळंतपणे या सगळ्यांतून वीस-वीस वर्षे वजन दोन-तीन किलोंच्या आत राखणाऱ्या बायका आपण पाहतो. त्यांनी कधी वही ठेवलेली नसते. याचा अर्थ हिशेब ठेवणारा कोणी चित्रगुप्त शरीरातच बसलेला असला पाहिजे.

तो तसा आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे; भूक आणि तृप्ती यांची सूत्रे प्रामुख्याने तिथून हलतात. त्याला बातमी पोचविणारी संप्रेरके आतड्यातून येतात, तशीच ती चरबीतूनही येतात. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चरबीच्या पेशींतून निघणारे असे एक संप्रेरक शोधून काढले. त्याला त्यांनी 'लेप्टिन' हे नाव दिले. ग्रीक भाषेत लेप्टोस म्हणजे बारीक. चरबीची शिल्लक कमी झाली की लेप्टिन घटते. मेंदूला वाटते, दुष्काळ आला. मग तो भूक वाढवितो आणि खर्चाला कात्री लावतो. चरबी म्हणजे नुसते गाठोडे नाही, ती मेंदूशी बोलणारी इंद्रियासारखी वस्तू आहे, हे या शोधाने कळले.

वारसा

आता असा प्रश्न येतो की, हा हिशेबनीस प्रत्येकीत सारखाच काटेकोर का नाही? याचे उत्तर बऱ्याच अंशी जन्मदात्यांकडे आहे. हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी दत्तक मुलांचा आधार घेतला. दत्तक मूल रक्त एका घरचे घेऊन येते आणि ताट दुसऱ्या घरचे जेवते. १९८६ साली अल्बर्ट स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील ५४० प्रौढ दत्तकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दत्तकांचा देह जन्मदात्या आईबापांच्या देहाशी जुळत होता. ज्यांनी वाढविले त्यांच्या देहाशी त्याचा संबंध आढळला नाही. आणि हे केवळ जाड माणसांपुरते नव्हते. अगदी बारीक माणसांपासून अतिस्थूल माणसांपर्यंत सगळीकडे तेच दिसले.

दुसरा प्रयोग जुळ्यांचा. एकाच अंड्यापासून झालेल्या जुळ्यांचा वारसा एकच असतो. कॅनडातील क्वेबेक येथे क्लोद बूशार यांनी अशा बारा जोड्यांना, म्हणजे चोवीस तरुणांना, शंभर दिवसांपैकी चौऱ्याऐंशी दिवस त्यांच्या गरजेपेक्षा रोज १,००० उष्मांक जास्त खाऊ घातले. १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्तीचे अन्न सर्वांना सारखे, तरी कोणाचे वजन चार किलोंनी वाढले तर कोणाचे तेरा किलोंनी. परंतु एका जोडीतील दोघा भावांची वाढ बरीचशी एकमेकांसारखी होती. 'अंगी लागणे' आणि 'अंगी न लागणे' हे आपल्या आजीबाईंचे शब्द इथे तराजूवर खरे ठरले. प्रयोगातली मंडळी पुरुष होती, हे लक्षात ठेवावे; तथापि मूळ तत्त्व स्त्रियांना लागू नाही असे मानण्याचे कारण नाही.

अलीकडे, २०१९ साली, केंब्रिजच्या सदफ फारूकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारीकपणाकडेच थेट मोर्चा वळविला. जन्मभर बारीक आणि तरीही निरोगी अशा १,६०० हून अधिक माणसांची जनुके त्यांनी तपासली. त्यांतल्या चारांपैकी सुमारे तिघांच्या घराण्यात बारीक पण धडधाकट माणसे होती. वजन वाढविणारी म्हणून ओळखली गेलेली जनुकांची रूपे या लोकांच्या वाट्याला कमी आली होती. एखाद्या घराण्याला पांढरे केस उशिरा यावेत, तसेच हे. यात पुण्याई नाही आणि पापही नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग सगळे दैवावर सोडून स्वस्थ बसावे काय? तसे नाही. पन्नास-साठ वर्षांत माणसाची जनुके बदलत नाहीत. पण तेवढ्या काळात शहरांतल्या माणसांची वजने किती वाढली हे आपण पाहतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या बायकांत शेकडा सुमारे २३ जणी जास्त वजनाच्या आढळल्या. नदीला पूर आला की घाटावरच्या सगळ्याच पायऱ्यांना पाणी लागते. परंतु खालची पायरी आधी बुडते, वरची मागाहून. परिस्थिती पुराची उंची ठरविते. वारसा ठरवितो की आपली पायरी कोणती. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

सवय

आता सवयींकडे वळू. मुळात सडपातळ असलेल्या बायकांचे जेवण बारकाईने पाहिले तर काही गोष्टी वारंवार दिसतात. त्या भूक लागली की जेवतात आणि भूक भागली की थांबतात. ताटात उरलेल्या दोन घासांचा त्यांना मोह पडत नाही. आज लग्नात जास्त जेवण झाले तर रात्री त्या सहज म्हणतात, 'मला फक्त ताक पुरे.' हा नियम म्हणून नव्हे, खरोखरच भूक नसते म्हणून. दुःख झाले, कंटाळा आला, म्हणून त्यांचा हात फराळाच्या डब्याकडे जात नाही. कित्येकींचे तर मन खट्टू झाले की जेवणच तुटते.

उलट आपल्या घरांत वजन वाढविणाऱ्या काही सवयी सद्गुणांच्या पोशाखात वावरतात. पोरांच्या ताटातले उरलेले आईने संपवायचे, कारण अन्न टाकणे पाप. आग्रह मोडायचा नाही, कारण यजमानाचा अपमान. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे कूट, बटाट्याचा कीस आणि वर दाण्याचा लाडू. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनी आपल्यालाच उद्देशून केलेली आहे. अन्न टाकू नये हे खरेच. पण त्याचा मार्ग आधी कमी वाढून घेणे हा आहे, नंतर पोटात कोंबणे हा नव्हे. वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला व एक मोकळा ठेवावयास सांगितले आहे. एवढ्या शतकांनंतरही त्या सल्ल्यात खोट काढण्यासारखे काही नाही.

परंतु येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ज्याला आपण तिची 'सवय' म्हणतो तीही बऱ्याच वेळा वारशानेच आलेली असते. २००७ साली इंग्लंड व वेल्समध्ये जन्मलेल्या जुळ्यांच्या सुमारे २,४०० कुटुंबांचा एक मोठा अभ्यास झाला. केवळ दुधावर असलेल्या तान्ह्या मुलांतही कोणाची भूक दांडगी, कोणाची मंद. कोणी घाईने पिणारे, कोणी चटकन तोंड फिरविणारे, असा स्पष्ट भेद दिसला आणि तो मोठ्या प्रमाणात आनुवंशिक होता. तान्ह्या मुलाला मनोनिग्रह कसला? तेव्हा लवकर तृप्त होणारी बाई दोन घास कमी खाते, यात तिची तपश्चर्या नाही. आणि जिला तृप्तीची बातमी उशिरा पोचते तिने तेवढेच कमी खायचे ठरविले तर तिला रोज भुकेशी झुंज द्यावी लागते. एकीला उतार आहे, दुसरीला चढ. रस्ता दोघींचा एकच म्हणून वेगाची तुलना करणे बरोबर नाही.

हालचालीविषयीही आपली समजूत तपासून घ्यावी. बारीक बायका सतत कामात असतात, एका जागी टिकत नाहीत, म्हणून त्या बारीक, असे आपण मानतो. यात तथ्य आहे. १९९९ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा जणांना आठ आठवडे रोज १,००० उष्मांक जास्त दिले. ज्यांची उठबस, येरझारा, चुळबुळ आपोआप वाढली त्यांच्या अंगावर चरबी फार थोडी चढली. ज्यांची वाढली नाही त्यांच्या अंगावर चार किलोपर्यंत चढली. पण २०२२ साली चीनमधील निरोगी बारीक माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो निराळेच सांगतो. ही माणसे इतरांपेक्षा शेकडा सुमारे २३ कमी हालचाल करीत होती आणि शेकडा सुमारे १२ कमी खात होती. मात्र स्वस्थ पडून असतानाचा त्यांच्या शरीराचा खर्च अपेक्षेपेक्षा जास्त होता. म्हणजे बारीक राहण्याचे मार्गही एकाहून अधिक आहेत. कोणाचा मार्ग चुळबुळीचा, कोणाचा मंद भुकेचा, कोणाचा आतल्या उष्णतेचा. म्हणून एका बारीक बाईचे वेळापत्रक उचलून दुसरीने चालविले तर ती बारीक होईलच असे नाही.

हे न समजल्यामुळे आपल्या मुलींचे नुकसान होते. मैत्रीण बारीक आहे, तर मीही तिच्याएवढेच खाईन, असे म्हणून कॉलेजातली मुलगी एक वेळचे जेवण सोडते. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनीच छत्तीस धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे अर्ध्याच्या आसपास अन्नावर ठेवून पाहिले. वजन पाव हिश्शाने उतरले खरे. पण त्या तरुणांच्या मनात अन्नाखेरीज काही उरले नाही. ते चिडके, उदास, थंडीने कुडकुडणारे झाले. पुन्हा मोकळीक मिळताच कितीही खाल्ले तरी कित्येकांना समाधान वाटेना. जन्मतः बारीक बाईच्या मनाची अशी अवस्था कधीच नसते. जी उपाशी राहून बारीक झाली आणि जी तृप्त असून बारीक आहे, त्या दोघी वजनकाट्यावर सारख्या असल्या तरी शरीराच्या लेखी वेगळ्या आहेत.

अपुरे ताट

आणि आता तिसऱ्या उगमाकडे येतो. आत्तापर्यंतची बहुतेक उदाहरणे परदेशची होती, कारण भरल्या ताटाच्या देशांतच वारशाचा खेळ स्पष्ट दिसतो. जिथे ताटच अर्धे असते तिथे जनुकांना विचारतो कोण? महाराष्ट्रातल्या बारीक बाईविषयी जगाला सर्वांत मोलाची माहिती मिळाली ती पुण्याजवळच्या खेड्यांतून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. लग्न झालेल्या तरुण स्त्रियांची गरोदर होण्यापूर्वीपासून नोंद ठेवायची, त्या काय खातात, किती राबतात हे पाहायचे, आणि पुढे त्यांच्या मुलांच्या वाढीवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे, असे हे चिकाटीचे काम आहे.

या आयांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास आणि उंची सुमारे १५२ सेंटिमीटर होती. आपण मघाशी केलेल्या हिशेबाप्रमाणे त्यांतली सरासरी बाईच 'बारीक' ठरते. हा बारीकपणा वारशाचा म्हणायचा काय? त्यांचे जेवण गरजेच्या मानाने कमी होते आणि शेतातले, पाण्याचे, सरपणाचे कष्ट भरपूर होते. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या त्यांच्या मुलांचे वजन सरासरी २.७ किलोंच्या जवळपास भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या मुलांचे ३.५ किलो. इथवर नवल नाही. नवल पुढेच आहे. पुण्याकडच्या या मुलांचे स्नायू आणि पोटातली इंद्रिये लहान होती, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखली गेली होती. वरून कृश, आतून चरबी धरून ठेवलेली, अशी ही बाळे. तज्ज्ञांनी त्यांना 'बारीक-जाड' बाळे असे काहीसे विचित्र नाव दिले आहे. मधुमेहाची वाट गर्भातच पडू लागते, ती इथे.

मघाशी मी बीएमआयला आंधळा म्हटले, त्याची साक्षही डॉ. याज्ञिकांनीच दिली आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासमवेत स्वतःचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या अंगात चरबी शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या अंगात शेकडा २१.२. तेव्हा 'मी बारीक आहे, मला मधुमेह कसला?' ही समजूत आपल्या लोकांनी तरी सोडून द्यावी. वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरावी. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल तर हातपाय काडीसारखे असले तरी रक्तातली साखर तपासून घ्यावी.

त्याच पुणे-अभ्यासात एक आशादायक गोष्टही आढळली. ज्या आयांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते त्यांची बाळे आकाराने मोठी होती. म्हणजे केवळ पोट भरण्याचा प्रश्न नाही. भाकरीबरोबर काय आहे हाही प्रश्न आहे.

पुण्याजवळची खेडी आपल्याला लांबची वाटत असतील तर आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. पेठ आणि सुरगाणा हे आपले डोंगरी तालुके. तिथल्या बायका पावसाळ्यात गुडघाभर चिखलात भाताची लावणी करतात. उन्हाळ्यात पाण्यासाठी चढउतार करतात. आणि द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे बागांच्या कामाला उतरतात. त्यांच्या अंगावर मांस दिसत नाही ते घराण्याच्या देणगीमुळे, असे म्हणण्याचे धाडस आपण करू नये. आणि शहरातल्या पांढरपेशा घरांतही सगळ्यांचे झाल्यावर, उरलेल्या भाजीवर, उभ्या उभ्या जेवणारी बाई अजून नाहीशी झालेली नाही. मघाशी उल्लेखिलेल्या पाहणीत महाराष्ट्रात दर पाच बायकांत एक बारीकपणाच्या रेषेखाली होती, आणि निम्म्याहून अधिक, शेकडा सुमारे ५४ जणींना रक्तक्षय होता. एकाच राज्यात पाचांपैकी एक बाई फार हलकी आणि जवळजवळ तेवढ्याच बायका फार जड, असे हे दुहेरी चित्र आहे.

ओळखावे कसे ?

मग आपल्या घरातली बारीक मुलगी या तिघींपैकी कोणती, हे ओळखायचे कसे? चार साधे प्रश्न पुरेसे आहेत. ती लहानपणापासून अशीच आहे की अलीकडे झाली? आई, मावशी, आत्या यांच्यापैकी कोणी तशाच अंगाच्या होत्या काय? तिचे वजन स्थिर आहे काय, पाळी नियमित येते काय, जिना चढताना दम लागत नाही ना? आणि तिच्या ताटात काय असते, ती कधी जेवते?

लहानपणापासून बारीक, घराण्यात तसेच, वजन स्थिर, पाळी नियमित, अंगात उत्साह आणि रक्तात हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून अधिक असेल, तर त्या मुलीला काहीही झालेले नाही. तिला अंगावर मांस चढविणारी चूर्णे व गोळ्या देऊ नयेत. अशा काही औषधांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो. त्याने येतो तो फुगवटा, बाळसे नव्हे. तिला द्यायचेच असेल तर डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, उन्हात फिरणे आणि स्नायूंना ताण पडेल असा व्यायाम द्यावा. कारण बारीक बायकांची हाडे उतारवयात लवकर ठिसूळ होतात, त्यांची बेगमी तरुणपणीच करावी लागते.

परंतु वजन प्रयत्न न करता उतरू लागले, सहा महिने ते वर्षाच्या आत विसावा हिस्सा किंवा त्याहून अधिक गेले, म्हणजे ५० किलोंची बाई ४७ किलोंवर आली, तर मात्र वाट पाहू नये. क्षय, मधुमेह, थायरॉइडची वाढलेली हालचाल, आतड्यांचे विकार, मनाचा खोल विषाद यांपैकी काहीही असू शकते. डॉक्टरांनाच दाखविले पाहिजे. तसेच मुलगी मुद्दाम जेवण टाळू लागली, आरशापुढे स्वतःला जाड म्हणू लागली, पाळी थांबली, तर तो हट्ट समजून रागावू नये. तो आजार असतो आणि त्याला उपचार आहेत.

चरकाने अतिस्थूल व अतिकृश या दोघांचीही गणना निंद्य देहांत केली आणि त्यातल्या त्यात कृश बरा असा कौल दिला. त्याच्यापुढे चिकित्सेचा प्रश्न होता. आपण मात्र निंदा तेवढी उचलली आणि चिकित्सा सोडून दिली. आजचे ज्ञान सांगते की देहाचे माप हे चारित्र्याचे माप नव्हे. जी बारीक आहे तिने त्याचा गर्व वाहू नये, कारण त्यात तिचे कर्तृत्व थोडे आहे. जी जाड आहे तिने लाज बाळगू नये, कारण तिची चढण अधिक उभी आहे. दोघींनी चालावे, बेताने जेवावे, वेळच्या वेळी तपासून घ्यावे. आणि आपण पुरुष मंडळींनी आज घरी गेल्यावर एक करावे. घरातली बाई ताट वाढून घेईल तेव्हा तिच्या ताटाकडे एकदा नीट पाहावे. तिचा बारीकपणा निसर्गाचा आहे की आपल्या घराचा, याचे उत्तर पुष्कळदा तिथेच मिळेल.